शेवटचा रकाना

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या ड्रग फाईली तपासायला घरी आणल्या, की आमचं जेवणाचं टेबल आठवडाभर त्यांचंच असतं. चाळीस फाईली आणि प्रत्येकीत साठेक औषधं. प्रत्येक पानावर तेच सहा रकाने आखलेले: औषधाचं नाव, डोस आणि देण्याचा मार्ग, काम कसं करतं, कशासाठी देतात, दुष्परिणाम, आणि अगदी शेवटी ‘परिचारिकेची जबाबदारी’. नाव लाल शाईत, दुष्परिणाम हिरव्या. एखादीनं रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा कापून पानावर नीट चिकटवलेला असतो. रात्रीची जागरणं त्या पानांवर दिसतात, आणि मला त्या मेहनतीचं मनापासून कौतुक वाटतं.

शेवटच्या रकान्यापाशी मात्र माझं पेन थांबतं. डिगॉक्सिन: ‘व्हायटल साइन्स पाहणे.’ हेपारिन: ‘व्हायटल साइन्स पाहणे.’ मॉर्फिन, इन्शुलिन, जेंटामायसिन, लोहाची गोळी, सगळ्यांपुढे तेच.

यंदा एका फाईलीत साठही पानांवर हे एकच वाक्य होतं. ती मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, केरीच्या बाजूची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, हुशार आणि अबोल. बोलावलं तर घाबरून म्हणाली, “मॅडम, चुकलं का काही?” चुकलेलं काहीच नव्हतं. नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास सगळ्यांचेच बघायचे असतात. मी तिला म्हटलं, “पहिले पाच रकाने राहू देत. शेवटचा खोड आणि वॉर्डात उभी राहून परत भर. एका औषधाला एकच ओळ लिही. पण ती ओळ दुसऱ्या कुठल्याच औषधाला लागू पडता कामा नये.”

ती गेली आणि मीच विचारात पडले. आम्ही मुलींना औषधांविषयी एवढं शिकवतो, त्यातलं नेमकं काय त्यांच्या हातात राहायला हवं? पहिले पाच रकाने डॉक्टरांनाही येतात, फार्मासिस्टलाही येतात. सहावा आमचा. औषध लिहिलं जातं एकीकडे, दिलं जातं दुसरीकडे, आणि रुग्णाच्या तोंडात किंवा शिरेत जातं ते आमच्या हातून. आमच्या हातानंतर तपासणारं कुणी नसतं. असलाच तर खाटेवरचा तो माणूस, आणि त्याच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे.

मुलींचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, “मॅडम, किती औषधं पाठ करायची?” आपल्या देशाच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच ३८४ औषधं आहेत, आणि बाजारातल्या ब्रँडांची तर गणतीच नाही. एवढं कुणाच्याच डोक्यात मावत नाही. म्हणून मी त्यांना आधी आडनावं शिकवते.

पेडणेकर म्हटलं की पेडणे, मांद्रेकर म्हटलं की मांद्रे. माणूस कधी पाहिलेला नसला तरी मूळ गाव कळतं. औषधांच्या मूळ नावांचंही तसंच आहे. ज्याच्या शेवटी ‘-ओलॉल’ येतं, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, ते हृदयाची गती कमी करणारं. द्यायच्या आधी नाडी बघायची, आणि दम्याचा रुग्ण असेल तर विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ‘-प्रिल’ आलं की रक्तदाब आणि कोरडा खोकला आठवायचा. ‘-प्राझोल’ म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारं, ते उपाशीपोटी. ‘-स्टॅटिन’ म्हणजे कोलेस्टेरॉल, आणि अंग दुखतंय असं रुग्ण म्हणाला तर ते कानाआड टाकायचं नाही. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलींचे चेहरे इथे उजळतात, कारण हे तर्कशास्त्र त्यांच्या घरचं असतं.

आणि लगेच पुढचा धडा. दोन केरकर एकमेकांचे नातलग असतीलच असं नाही. जेंटामायसिन, अझिथ्रोमायसिन आणि व्हँकोमायसिन कानाला भावंडं वाटतात, पण तिघांची घराणी वेगळी. जेंटामायसिन कान आणि मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं, म्हणून तिथे रुग्णाला ऐकू कसं येतंय आणि लघवी किती होतेय ते बघायचं. व्हँकोमायसिन घाईनं सोडलं तर मान आणि चेहरा लालबुंद होतो, म्हणून ते निदान तासभर घेऊन, सावकाश जायला हवं. डोपामिन आणि डोब्युटामिन तर थोडक्या फरकानं फसवतात. असल्या जोड्यांची यादी नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर असावी, हे माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

नावांचा हा गोंधळ आपल्या भूमीत जुना आहे. पणजीत चर्चजवळच्या बागेला गार्सिया द ओर्ता यांचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथल्या औषधी द्रव्यांवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. एकाच द्रव्याला अरब काय म्हणतात, इथले लोक काय म्हणतात, पोर्तुगीज काय म्हणतात, हे तो खटाटोपानं नोंदवत होता. मला त्याचं हे काम जवळचं वाटतं. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही तिन्ही पॅरासिटामॉलच आहेत, हे समजावण्यात माझे ओपीडीतले किती तास गेले असतील! डोलो घेतली म्हणून सांगणाऱ्याच्या पिशवीत सर्दीची गोळी निघते आणि तिच्यातही पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाला दिवसाकाठी चार ग्रॅमच्या वर ते जाऊ नये, नाहीतर यकृताला इजा होते. म्हणून मुलींना सांगते, स्ट्रिपवरचं मोठं नाव वाचून थांबू नका, त्याखालचं बारीक अक्षर वाचा.

शेवटच्या रकान्याचं माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं पान मॅग्नेशियम सल्फेटचं.

गरोदरपणात रक्तदाब चढून झटके आलेली बाई लेबर रूममध्ये आणतात, तेव्हा हे औषध तिचा जीव वाचवतं. प्रिचर्ड पद्धतीत सुरुवातीला चार ग्रॅम शिरेतून सावकाश आणि दहा ग्रॅम स्नायूत, म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम. पन्नास टक्क्यांच्या दोन मिलिलिटर अँप्यूलमध्ये एक ग्रॅम असतं, म्हणजे स्नायूतल्या पाच ग्रॅमला पाच अँप्यूल फोडायच्या. हे सगळं पहिल्या पाच रकान्यांत येतं, आणि मुली ते धडाधडा म्हणून दाखवतात.

पुढचा पाच ग्रॅमचा डोस भरण्याआधी मात्र मी सिरिंज काढूनच घेते आणि हातात रबरी हातोडी देते. बाईचा पाय गुडघ्याखाली हाताचा आधार देऊन सैल सोडायचा, वाटीच्या खालच्या स्नायुबंधावर हलकेच टक्क करायचं आणि बघायचं, पाय उडतो का? पहिल्यांदा करताना मुली हाडावरच मारतात. मग ती जागा बोटांनी चाचपायला शिकतात. पाय थोडासा जरी उडाला तरी चालेल. मग श्वास मोजायचे, मिनिटाला सोळाच्या खाली नकोत. मग लघवीची पिशवी बघायची, तासाला निदान तीस मिलिलिटर तरी हवी. तिन्ही असतील तरच पुढचा डोस. एक जरी नसेल तर हात थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं.

हे तीनच का, ते कळलं की विसरता येत नाही. मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं लघवीवाटे, म्हणून लघवी घटली की ते रक्तात साचतं. साचायला लागलं की आधी गुडघ्याची ती उडी नाहीशी होते, मग श्वास मंदावतो, मग हृदयावर येतं. म्हणजे गुडघा आपल्याला सगळ्यांच्या आधी सांगत असतो. आणि खाटेशेजारच्या ट्रेमध्ये दहा टक्क्यांच्या कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलिलिटरची अँप्यूल आधीच काढून ठेवलेली असायला हवी, कारण तोच याचा उतारा. ती अँप्यूल कपाटात आहे, एवढं कळून भागत नाही. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे रात्री तीन वाजता शोधत बसायचं का?

पोटॅशियम क्लोराइडबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यात चर्चेला जागाच नाही. दहा मिलिलिटरची अँप्यूल, पाण्यासारखी स्वच्छ, डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलची जुळी बहीण दिसावी अशी. आत वीस मिलिइक्विव्हलंट पोटॅशियम. ती तशीच शिरेत गेली तर हृदय थांबतं. म्हणून ती सिरिंजनं थेट कधीच द्यायची नाही, कुणीही सांगितलं तरी. सलाईनमध्ये घालायची, बाटली उलटसुलट करून नीट मिसळायची, नाहीतर जड द्रावण तळाशी राहतं. बाटलीवर लेबल लावायचं, थेंब मोजायचे, आणि त्याआधी लघवी होतेय ना ते बघायचं. या अँप्यूल साध्या औषधांच्या ट्रेमध्ये कधीही ठेवू नयेत. जिथे दिसतील तिथून त्या उचलून वेगळ्या ठेवायची सवय मुलींना पहिल्या पोस्टिंगपासून लागली पाहिजे.

इन्शुलिनवर मात्र मी खूप वेळ घालवते, आणि त्याला कारण आपला गोवाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आमच्याकडे वाड्यावर चार दारं ठोठवली तर एका घरात तरी इन्शुलिनची बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांशेजारी सापडते.

आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतं आणि पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपीची चाळीसवाली, नारिंगी टोपीची शंभरवाली. आता समजा, पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलं. ती खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरमध्ये या औषधाचे ५० युनिट. लिहिलेले वीस, गेले पन्नास. उलट केलं, चाळीसवालं औषध नारिंगी टोपीत २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर जातात फक्त आठ. मी दोन्ही सिरिंजा मुलींच्या हातात देते आणि रंगीत पाणी भरायला लावते. आकडे फळ्यावर मांडले की त्या मान डोलावतात. तेच पाणी दोन वाट्यांत शेजारी शेजारी ओतलेलं पाहतात तेव्हा वर्ग शांत होतो.

आणि अक्षर! युनिटसाठी नुसता इंग्रजी ‘यू’ लिहिला आणि तो घाईत वरून मिटला, की शून्य दिसतो. १०चे १०० व्हायला तेवढं पुरतं. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा.

पण इन्शुलिनचा शेवटचा रकाना सिरिंजेपाशी संपत नाही. काही वर्षांपूर्वी फोंड्याकडचे एक काका बेशुद्धीच्या बेतात आले होते, घामानं थबथबलेले, साखर ४८. ‘सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास’ असं त्यांना डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं. ते साडेसातला इंजेक्शन घेत, चहा पीत आणि कुळागरात जात. त्यांच्या दिवसात नाश्ता नावाची गोष्टच नव्हती. साडेदहाला घरी येऊन पेज आणि लोणचं, हेच त्यांचं पहिलं खाणं. सांगणारीनं बरोबर सांगितलं होतं, ऐकणाऱ्यानं बरोबर ऐकलं होतं, आणि दोघांच्या मध्ये तीन तासांची पोकळी राहून गेली होती. तेव्हापासून मी ‘जेवणाआधी’ हा शब्द रुग्णाला देतच नाही. “उठल्यापासून काय काय खाता, किती वाजता, ते सांगा,” असं म्हणते आणि ऐकून घेते. मग औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून त्या दिनक्रमात बसवायची. काजूच्या दिवसांत आणखी एक प्रश्न विचारायचा: हुर्राक (काजूच्या रसाची दारू) घेता का, आणि कधी? मधुमेहाची गोळी पोटात आणि वर उपाशीपोटी दारू, यानं साखर इतकी उतरू शकते की माणूस झिंगलाय की साखर पडलीय, हे घरच्यांना कळत नाही. हा प्रश्न उपदेशाच्या सुरात विचारला की खरं उत्तर मिळत नाही. काजू यंदा कसे लागलेत, इथून सुरुवात केली की मिळतं.

लहान मुलांच्या वॉर्डात गणित आलंच पाहिजे, तिथे सूट नाही. दहा किलोचं बाळ आहे, ताप आहे, किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचं, म्हणजे १५०. पाच मिलिलिटरमध्ये १२५वालं सिरप असेल तर सहा मिलिलिटर. २५०वालं असेल तर तीन. आणि थेंबांची छोटी बाटली असेल, एका मिलिलिटरमध्ये १००, तर फक्त दीड. “मागच्या वेळी सहा मिलिलिटर सांगितलं होतं,” म्हणून एखाद्या आईनं थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर पाजलं तर बाळाच्या पोटात सहाशे मिलिग्रॅम जातील. म्हणून आईला नुसतं ‘सहा मिलिलिटर’ सांगून पाठवायचं नाही. तिच्या हातातली बाटली बघायची, तिच्याच टोपीवर पेनानं खूण करून द्यायची, आणि घरातला चमचा वापरू नको म्हणून सांगायचं. सलाईनचे थेंबही असेच. ५०० मिलिलिटर चार तासांत, मिलिलिटरला वीस थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला बेचाळीस. मराठी शाळेतून आलेल्या मुली हे मोबाईल न काढता करतात. पाढे पाठ असतात ना. तिथे त्या इतरांच्या पुढे असतात आणि त्यांना ते माहीत नसतं, म्हणून मी मुद्दाम वर्गात सगळ्यांसमोर सांगते.

आता माझी गोष्ट. दर वर्षी प्रत्येक वर्गाला सांगते, म्हणून इथेही सांगायला हवी.

नोकरीचं पहिलं वर्ष, एक रुग्णालय, पुरुषांचा मेडिकल वॉर्ड. रात्रीच्या गोळ्या वाटायच्या होत्या. वॉर्डात तीन नाईक होते, त्यातले दोन शेजारच्या खाटांवर. वेळ वाचावा म्हणून मी चार जणांच्या गोळ्या चार छोट्या वाट्यांत काढल्या आणि ट्रे घेऊन निघाले. चार्ट टेबलावरच ठेवले. पहिल्या नाईक आजोबांना वाटी दिली. त्यांनी गोळ्या तळहातावर घेतल्या, दिव्याकडे धरून पाहिल्या आणि एक बारीक गोळी बाजूला काढली. “बाय, ही गुळी म्हजी न्हय. म्हजी व्हडली आसता.”

मी म्हटलं, “आजोबा, कंपनी बदलली असेल. औषध तेच आहे.”

हे वाक्य मी कुठे शिकले होते कोण जाणे. सगळेच म्हणत. ते तोंडात तयारच होतं, त्यासाठी विचार करावा लागला नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं आणि मूठ मिटून घेतली. रागावले नाहीत. नुसती मूठ मिटली. मला उशीर होत होता. वैतागून मी टेबलापाशी गेले आणि चार्ट उघडला.

ती गोळी शेजारच्या नाईकांची होती, मधुमेहाची, ग्लिबेनक्लामाइड. या आजोबांना मधुमेह नव्हताच. शिवाय दोन दिवस पोट बिघडल्यामुळे ते पातळ पेजेवर होते. ती गोळी गेली असती तर पहाटेपर्यंत त्यांची साखर उतरत राहिली असती, आणि रात्रपाळीला मी समजले असते की झोपलेत.

परत गेले तेव्हा मूठ तशीच होती. मी ती गोळी मागून घेतली, त्यांची मोठी गोळी दिली आणि तुमचंच खरं होतं म्हणाले. त्यांनी पाण्याबरोबर ती घेतली आणि विचारलं, “त्याची त्याला दिली?” शेजारच्याची चौकशी. मी दिली. सकाळी इनचार्ज सिस्टरना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी रिपोर्टची वही पुढे केली आणि म्हणाल्या, “लिही. काय झालं ते लिही, का झालं ते लिही, आणि आजोबांनी सांगितलं म्हणून टळलं, हेही लिही.” ते तिसरं वाक्य लिहिताना माझा हात कापत होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली, आणि २०२२चा रुग्ण सुरक्षा दिन याच विषयाला वाहिला. ती पत्रकं वाचताना मला दर वेळी ती मिटलेली मूठ दिसते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, ही यादी आम्ही मुलींकडून घोकून घेतो. रुग्णाला नकार द्यायचा हक्क आहे, हेही पुढे त्याच यादीत आलं. पण मी त्यांना एक निराळी सवय लावते: ‘कंपनी बदलली असेल’ हे वाक्य चार्ट बघितल्याशिवाय उच्चारायचं नाही. रुग्ण म्हणाला की गोळी वेगळी दिसते, की तिथेच थांबायचं. आणि नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. “तुम्ही नाईक ना?” असं विचारलं तर आपल्याकडे अर्धा वॉर्ड हो म्हणेल, आणि गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं विचारायचं, आणि ते चार्टशी ताडून बघायचं.

केरीच्या त्या मुलीकडे परत येते. तीन आठवडे ती फाईल घेऊन वॉर्डात फिरत होती. मी काही विचारलं नाही. एकदा तिला डिगॉक्सिनच्या रुग्णापाशी नाडी बघताना पाहिलं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणत होती. जवळ जाऊन मी तिला सांगितलं की या औषधाला पूर्ण मिनिट लागतं, आणि मनगटावर नव्हे, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून. हृदय अडखळत चालणाऱ्याला हे औषध देतात. पंधरा सेकंदांच्या तुकड्यात एखादी अडखळ सापडत नाही, किंवा तीच चौपट होते. या औषधाच्या घराण्याचं मूळ म्हणजे फॉक्सग्लव्ह नावाचं झाड. त्याच्या पानांचा औषधी गुण विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५मध्ये लिहून ठेवला, आणि डोस थोडा जास्त झाला की मळमळ, उलट्या, पिवळं-हिरवं दिसणं आणि नाडी मंदावणं, हेही त्यानंच लिहिलं. तारणारा डोस आणि मारणारा डोस यांत अंतर फार थोडं आहे. आपल्याकडे बरेच डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाचच दिवस देतात, आणि घरी गेल्यावर कुठले पाच ते विसरलं जातं, म्हणून कॅलेंडरवर खुणा करून द्यायच्या. ती सगळं ऐकत होती. लिहून काही घेतलं नाही.

गेल्या सोमवारी सकाळी ती पेडण्याच्या एका आजींच्या खाटेपाशी होती. मी दोन खाटा पलीकडे दुसऱ्या मुलीचं ड्रेसिंग बघत होते. ट्रेमध्ये डिगॉक्सिनची स्ट्रिप न फोडलेली. तिनं स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि घड्याळ समोर धरलं. आजी आपल्या मुलीचं काहीतरी सांगायला लागल्या, कुठल्याशा लग्नाचं. तिनं दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला, दाबला, आणि आजी थांबल्या. ओठ हलत होते तिचे. मिनिट संपलं तरी तिनं कानातून नळ्या काढल्या नाहीत. पुन्हा पूर्ण मिनिट मोजलं.

माझ्याकडे आली. “मॅडम, बावन्न. दोन्ही वेळा. आणि आजींनी काल रात्रीपासून काही खाल्लं नाही, पोटात ढवळतंय म्हणतात. लघवी व्हायची गोळीही चालू आहे त्यांना, मग पोटॅशियम कमी होऊन डिगॉक्सिन बाधलं असेल का?”

मी म्हटलं, “डॉक्टरांना सांग. तूच सांग.”

फोनवर ती आधी अडखळली, मग सरळ बोलली. नाडी किती, किती वेळा मोजली, मळमळ कधीपासून, गोळ्या कुठल्या. डॉक्टरांनी डोस थांबवायला सांगितला आणि पोटॅशियम व डिगॉक्सिनच्या पातळीसाठी रक्त पाठवायला सांगितलं. ती परत गेली तेव्हा आजींनी विचारलं, “आज गुळी ना?” ती त्यांच्या खाटेच्या कडेला टेकली आणि कोकणीत, हळू आवाजात समजावू लागली की रक्त तपासून येईतो ही गोळी थांबवलीय. आजींनी लग्नाचं ते अर्धवट राहिलेलं पुन्हा सुरू केलं. या वेळी तिनं ऐकून घेतलं.

मग ती चार्ट घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. आठ वाजून दहा मिनिटं. नाडी ५२, पूर्ण मिनिट, दोनदा. मळमळ आहे. डिगॉक्सिन दिलं नाही. डॉक्टरांना कळवलं. खाली तिची सही, आणि शेजारी माझ्या सहीसाठी सोडलेली जागा.